उटोचं मूळ गाव

हावड्यातल्या शिबपूरच्या ज्या टपरीवर मी सकाळी साडेसातला चहा प्यायला जातो, तिथे एका शहामृगाचा खटला गेली कित्येक वर्षं तुंबून पडला आहे. शहामृगाचं नाव उटो. त्याने कुणाला टोचलेलं नाही, कुणाच्या गच्चीवरचं वाळवण खाल्लेलं नाही. तो जन्मभर कागदावर राहिला. प्रश्न एवढाच आहे, की तो आला कुठून.

मी मूळचा हावड्याचा नव्हे. आम्ही चाळीसगावकडचे. लेक शिबपूरला नोकरीला आहे आणि थंडीचे दोन महिने मी तिच्याकडे काढतो. पहिल्या दिवशी टपरीवर नाव विचारलं, मी ‘पाटील’ म्हटलं आणि बाकावरचे सगळे एकदम खुलले. बंगालीत पातिल म्हणजे मडकं. चहा तिथे मातीच्या भाँडात देतात. ‘भाँडाला भेटायला पातिल आलंय’ असा विनोद तेव्हा झाला, आणि चार हिवाळे झाले, रोज होतो. बंगाली माणूस विनोद टाकून देत नाही. शिळा झाला की तळून पुन्हा वाढतो.

आता उटोची थोडी ओळख. तो बाँटुल दि ग्रेटचा पाळीव पक्षी. बाँटुल हा बंगाली चित्रकथांतला महाबली. छाती गोदरेजच्या कपाटाएवढी आणि पाय आगपेटीतल्या काड्यांएवढे. अंगात गुलाबी सँडो बनियन, खाली काळी चड्डी, पायांत काही नाही. त्याच्या छातीवर गोळी आपटली तर गोळीलाच इजा होते. आत्या आहे, बच्चू-बिच्छू नावाची दोन उपद्व्यापी पोरं आहेत, भेदो नावाचा कुत्रा आहे आणि हा उटो आहे. भेदोबद्दल टपरीवर कधी वाद झाल्याचं मी ऐकलेलं नाही. कुत्रा कुठून आला हे कोण विचारतं? पण हावड्यात शहामृग दिसलं तर विचारावंच लागतं.

या सगळ्यांचे जन्मदाते नारायण देबनाथ. १९२५ साली याच शिबपूरमध्ये जन्मले. घरी सोन्याचा धंदा, त्यामुळे दागिन्यांची नक्षी काढता काढता हात वळला. १९६२ साली ‘शुकतारा’ मासिकात त्यांची हाँदा-भोंदा ही जोडी आली आणि त्यांनी ती पन्नासहून जास्त वर्षं एकहाती चालवली. (भोंदा हे नाव ऐकून मला आपला भोंदू आठवला, पण तो बिचारा नुसताच बावळट निघाला.) १९६५ साली बाँटुल आला, १९६९ साली नोन्टे-फोन्टे. लेखन त्यांचं, चित्रं त्यांची, अक्षरंही त्यांची. बंगालमधल्या तीन पिढ्या या माणसाच्या हातावर वाचायला शिकल्या. आपल्याकडे फास्टर फेणेबद्दल जी माया आहे, तिला दहाने गुणा आणि वर रसगुल्ल्याचा पाक ओता, म्हणजे अंदाज येईल.

बाँटुलच्या उगमाबद्दल फारसं भांडण नाही. देबनाथबाबू कॉलेज स्ट्रीटहून परत येत होते, वाटेत कल्पना सुचली, नाव सुचलं आणि आकृती झरझर उतरली. सुरुवातीला त्याच्या अंगात दैवी ताकद वगैरे नव्हती. पुढे बांगलादेशचं युद्ध पेटलं तेव्हा संपादक-प्रकाशकांनी गळ घातली, की याला अजिंक्य करा. देबनाथबाबू आधी कचरले. शत्रूचे रणगाडे आणि विमानं मोडली तर कायद्याचं काही लचांड मागे लागेल का, याची त्यांना धास्ती होती! विमान कागदाचं, मोडणारा कागदाचा, पण भीती अस्सल मध्यमवर्गीय. या एका गोष्टीवरून मला ते फार आपले वाटतात. प्रकाशकांनी अभय दिल्यावर मग बाँटुल जे मोडत सुटला तो थांबलाच नाही.

तर पहिलवानाचा सातबारा असा स्वच्छ आहे. घोळ आहे तो पक्ष्याचा.

टपरीवर याबाबत मुख्य पक्ष तीन. पहिला मास्टरमोशायांचा. शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवून ते निवृत्त झाले आणि अजून समोरच्याला नकाशासमोर उभं केल्यासारखं बोलतात. त्यांचं मत सरळ आहे: शहामृग आफ्रिकेत असतं, थंडीत कलकत्त्याला सर्कशी येत, सर्कशीतून ते निसटलं, बाँटुलने ठेवून घेतलं, विषय संपला. ‘विषय संपला’ हे वाक्य ते रोज पावणेआठच्या सुमारास उच्चारतात आणि त्यानंतरच खरी सुरुवात होते.

दुसरा पक्ष जेठूंचा. जेठू म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. हे कुणाचेच तसे नाहीत, पण वयामुळे साऱ्या पाड्याचे झालेत. पाडा म्हणजे मोहल्ला. जेठूंचा सिद्धान्त ऐतिहासिक आहे. इंग्रजांनी १८५६ साली अवधचं राज्य घशात घातलं, नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला आले आणि मेटियाब्रुजला राहिले. ते गाव शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनच्या बरोबर समोर, मध्ये फक्त हुगळी नदी. नवाबांनी तिथे छोटं लखनौ वसवलं आणि मोठं प्राणिसंग्रहालय केलं. तिथून एकदा वाघ सुटला, नदी पोहला आणि बोटॅनिकलमध्ये शिरला, अशी हकिगत सांगतात. जेठू ती सांगताना स्वतः ओले होतात. ‘वाघ पोहून येतो, तर शुतुरमुर्ग का येणार नाही?’ नवाबांच्या पक्ष्यांत शुतुरमुर्ग होतेच, हे ते छातीठोकपणे सांगतात. म्हणजे उटो हा नवाबी घराण्यातला, शिबपूरच्या किनाऱ्याला लागलेल्या एका निर्वासित शहामृगाचा खापरपणतू. ‘त्याची मान बघा ना,’ जेठू म्हणतात, ‘अशी मान दरबारात वाढल्याशिवाय होत नाही.’

‘शहामृग पोहतं का?’ मास्टरमोशाय विचारतात.

‘तुम्ही कधी त्याला नदीत टाकून पाहिलंत का?’ जेठू विचारतात.

यावर दोन भाँड चहा होतो.

तिसरा पक्ष एका तरुणाचा. इंजिनिअरिंगला आहे, मोबाइलमध्ये सगळं जग घेऊन येतो. त्याने एकदा सांगितलं, की ‘द डँडी’ नावाच्या इंग्रजी साप्ताहिकात १९३७ पासून डेस्परेट डॅन म्हणून असाच एक दांडगोबा होता, एका हाताने गाय उचलणारा. तेव्हा बाँटुलच काय, शहामृगसुद्धा विलायतेतून... वाक्य पुरं झालं नाही. सिंगाड्यांची, म्हणजे समोशांची, कढई उकळत होती, पण बाकाचं तापमान जास्त होतं. नक्कल? देबनाथबाबू? जेठूंनी मनोहर आइचांना मैदानात उतरवलं. चार फूट अकरा इंचांचा बंगाली पठ्ठा, १९५२ चा मिस्टर युनिव्हर्स, शंभरी ओलांडून २०१६ साली गेला. असला माणूस डोळ्यांपुढे असताना विलायतेच्या गायी कशाला? मुलाने शरणागती म्हणून सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. सत्य बोलण्याची किंमत शिबपूरला तशी परवडणारी आहे.

मला हा वाद ऐकताना एक गंमत लक्षात आली. शहामृगाच्या मुळाबद्दल माणसाचा गोंधळ फार जुना आहे आणि तो त्याच्या नावातच भरून ठेवलाय. बंगालीत त्याला उटपाखी म्हणतात, म्हणजे उंटपक्षी. उटो हे त्याचंच लाडकं रूप. फारसीत शुतुरमुर्ग, म्हणजे तोच उंटपक्षी. ग्रीकांनी त्याला उंट-चिमणी म्हटलं! शास्त्रज्ञांनी तरी शहाणपण दाखवावं, तर त्यांनीही लॅटिन नावात ‘कॅमेलस’ ठेवून उंट सोडला नाही. आणि आपण मराठी लोकांनी शुतुरमुर्ग ऐकलं, शुतुरचा शहा केला, मुर्गाचा मृग केला आणि एका पक्ष्याला हरीण करून मोकळे झालो. मी हे टपरीवर सांगितलं तेव्हा मास्टरमोशायांनी चष्मा काढला. ‘तुमच्याकडे उटोला हरीण म्हणतात?’ म्हटलं, राजेशाही हरीण. जेठू खूश. ‘म्हणजे नवाबीच!’

तसं हे दुखणं एकट्या बंगालचं नाही. डिस्नेचा गूफी कुत्रा असेल तर प्लूटो कोण, या प्रश्नावर शहाणीसुरती माणसं हातघाईवर येतात. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या जनावराला आम्ही लहानपणी कुत्रा म्हणायचो, तो लांडगा आहे हे कुणी सांगितलं की त्याच्याशी दोन दिवस कट्टी. टिनटिनचा कुत्रा मूळ फ्रेंचमध्ये मिलू, बंगालीत कुट्टुस. आणि मिलू हे नाव म्हणे चित्रकाराच्या एका मैत्रिणीच्या लाडक्या नावावरून आलेलं. आपल्या रायगडावरच्या वाघ्याबद्दल मी काही बोलणार नाही. मला परत महाराष्ट्रात जायचं आहे.

पण बंगाल्यांनी तरी हा प्रश्न इतका मनाला लावून घेऊ नये असं मला वाटायचं. सुकुमार राय यांच्या गोष्टीत गवतावर ठेवलेल्या रुमालाचं मांजर होतं, आणि ते होताना एकाही बंगाली पोराने ‘कसं काय?’ म्हणून विचारलेलं नाही. बदक आणि साळिंदर यांची संधी करून त्यांनी प्राणी बनवला, तोही सगळ्यांनी मुकाट्याने पाळला. मग उटोचाच दाखला कशाला? मी हे बोलून दाखवलं. जेठू म्हणाले, ‘रुमालाचं मांजर झालं हे लेखकाने स्वतः सांगितलंय. तो पुरावा आहे.’

टपरी चालवणाऱ्या बौदी, म्हणजे वहिनी, या वादात कधी पडत नाहीत. एकदा मात्र सुटे पैसे मोजता मोजता त्या म्हणाल्या, ‘त्या दोघांचे पाय बघा ना.’ कुणाचे? ‘बाँटुलचे आणि उटोचे.’ मुलाने मोबाइलवर चित्र काढलं. सगळे वाकले. वर धिप्पाड धड, खाली दोन काड्या. पहिलवानाचं जे शरीर, तेच पक्ष्याचं. एकाला बनियन, दुसऱ्याला पिसं. ज्या हाताने बाँटुल काढला त्याला दुसरा कुठला प्राणी त्याच्या शेजारी शोभला असता? हत्ती ठेवला असता तर बाँटुल लहान दिसला असता, आणि घोडा ठेवला असता तर घोड्याचे पाय जास्त बरे दिसले असते.

मिनिटभर कुणी बोललं नाही. मग मास्टरमोशाय म्हणाले, ‘हे झालं चित्रकलेचं. आपण भूगोलाबद्दल बोलतोय.’ बौदींचं म्हणणं तिथेच बाजूला पडलं. ते बरोबर असण्याचा फार धोका होता.

माझ्या हातून चूक झाली ती यानंतर. इतके हिवाळे ऐकून घेतलं होतं, पण एका सकाळी धुकं होतं, कचोरी गरम होती आणि मला गाव आठवलं. मी म्हणालो, ‘उटो आमच्याकडचा आहे.’

चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचं गाव आहे. पाटणादेवीचं देऊळ आहे तेच, भास्कराचार्यांचं नाव ज्याच्याशी जोडतात ते. तिथे १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली. नुसती कवचं नव्हेत, एकावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली, आणि कवचाचे मणीही. काळ साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे आफ्रिका नको, नवाब नको आणि डँडी तर नकोच. शहामृग खानदेशात चरत होतं आणि त्याच्या अंड्यावरचं चित्रकामही खानदेशात झालं. देबनाथबाबूंच्या आधी पंचवीस हजार वर्षं! मी हे जरा चढ्या आवाजात बोललो असेन. कचोरी फारच चांगली होती.

बाक गप्प झाला. मग जेठू अतिशय हळू आवाजात म्हणाले, ‘बर्गी आले.’

ज्यांना इतिहास आठवत नसेल त्यांच्यासाठी: १७४२ च्या सुमारापासून नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालवर चालून येत. आपण त्यांना बारगीर म्हणतो, बंगाली त्यांना बर्गी म्हणतात आणि अजून अंगाईत मुलांना त्यांची भीती घालतात. त्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता. त्याचं नाव मराठा खंदक, आणि तो पुरा झालाच नाही. आमच्या शाळेत या स्वाऱ्यांना मुलूखगिरी म्हणत, तिथल्या शाळेत दुसरं काहीतरी म्हणतात. ‘तेव्हा चौथाई नेलीत,’ जेठू म्हणाले, ‘आता अख्खा उटो?’

मी पडतं घेतलं. म्हटलं, चौथाई चालेल. एक पाय द्या.

त्या मुलाने तेवढ्यात शोधून काढलं, की हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली भारतात सापडलेल्या अशाच जुन्या कवचांची जनुकीय तपासणी केली आणि त्यांचं नातं आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळलं. मास्टरमोशाय उभेच राहिले. ‘विषय संपला!’ म्हटलं, नातं जुळलं म्हणजे आमचा तिकडे गेला की तिकडचा आमच्याकडे आला, हे कुठे ठरलं? सोयरीक दोन्हीकडून असते. हा मुद्दा जेठूंना इतका आवडला की बर्गी प्रकरण त्यांनी तहकूब केलं.

पुढच्या रविवारी सगळी मंडळी जागेची पाहणी करायला टोटोत बसून बोटॅनिकल गार्डनला गेली. टोटो म्हणजे विजेची रिक्षा. टोटोतून उटोकडे, हा विनोद मी केला आणि लगेच मान्य झाला. तोही आता रोजच्या तळणीत आहे. बाग १७८७ सालची, कर्नल किडने काढलेली. नदीकाठी उभं राहून जेठूंनी समोरचं मेटियाब्रुज दाखवलं आणि उटोच्या पूर्वजाने कुठे झेप घेतली असेल ते हातवाऱ्यांनी सांगितलं. भरती-ओहोटीचं गणित मास्टरमोशायांनी मांडलं. मग आम्ही त्या प्रसिद्ध वडाखाली गेलो. दोन वादळांनी जायबंदी झालेलं आणि मग बुरशीने पोखरलेलं त्याचं मूळ खोड १९२५ साली काढून टाकलं. झाड मात्र पारंब्यांवर पसरतच राहिलं. १९२५ म्हणजे देबनाथबाबूंचं जन्मवर्ष, हे मी म्हटलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. पहिल्यांदाच.

तिथे, शेंगदाण्याच्या पुड्या सोडवताना, मला तो प्रश्न सुचला जो पहिल्या दिवशीच सुचायला हवा होता. नारायण देबनाथ २०२२ पर्यंत होते. शिबपूरमध्येच राहत होते. पद्मश्रीचं पदक हाती आलं तेही जानेवारी २०२२ मध्ये रुग्णालयात, आणि त्याच महिन्यात ते गेले, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. जेठू जन्मापासून शिबपूरचे. मास्टरमोशायही. मग इतकी वर्षं कुणी जाऊन विचारलं का नाही, की बाबा रे, हा पक्षी कुठून आणलास?

मुलाने जेठूंकडे पाहिलं. जेठूंनी मास्टरमोशायांकडे पाहिलं. मास्टरमोशाय एक शेंगदाणा फार वेळ सोलत होते.

‘आणि त्यांनी सांगितलं असतं तर?’ जेठू म्हणाले.

परतीच्या प्रवासात मी हावडा स्टेशनच्या बड्या घड्याळाखाली सगळ्यांचा निरोप घेतला. गाडी खरगपूर सोडते न सोडते तो फोन आला. मास्टरमोशाय. ‘पातिलबाबू, तुमचा उटो चाळीसगावहून हावड्याला आला कसा?’ मी म्हटलं, मुंबई-हावडा मेल चाळीसगावावरूनच जाते की! पलीकडे शांतता. मग हळूच, ‘शहामृग ताशी सत्तर किलोमीटर धावतं. तुमच्या मेलची सरासरी साठच्या आसपास. तो गाडीत कशाला बसेल?’ मी म्हटलं, तिकीट काढलं असेल तर कोण पळत जातं? दुर्गला जेठूंचा फोन आला: तिकीट की लगेज? कुत्र्याला ब्रेकव्हॅनमध्ये पेटी असते, पण नऊ फुटी पक्ष्याला? नागपूरला मुलाचा संदेश आला. कॉलेज स्ट्रीटवर जुनी ब्रॅडशॉ वेळापत्रकं शोधायला ते दोघं उद्या निघणार आहेत. न्यूमन्सचं इंडियन ब्रॅडशॉ कलकत्त्यातूनच छापलं जायचं, तेव्हा १९६५ ची प्रत मिळायला हरकत नाही. मेल त्या साली चाळीसगावला थांबत नसेल तर माझा दावा बाद. थांबत असेल, तर ब्रेकव्हॅनच्या दाराची उंची मी कळवायची. माझं गाव, माझी जबाबदारी.

म्हणून गेल्या मंगळवारी मी चाळीसगावच्या फलाटावर एका उभ्या गाडीच्या ब्रेकव्हॅनला टेप लावून उभा होतो. रेल्वे पोलिसाने मला बराच वेळ पाहिलं आणि मग तो जवळ आला.

‘काका, काय पाठवायचंय?’

‘पाठवायचं नाही. गेलंय.’

‘काय?’

‘शहामृग. हावड्याला. १९६५ साली.’

त्याने टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माणूस भला होता.

‘पावती आहे का?’